वावर चालून दाखवायचं

११ फेब्रुवारी, हिवरखेड
सहा ते दोन जिनिंगवर ड्यूटी. रुईचा हंगाम संपत आला, गाड्या कमी. चौकीदाराला काम नाही. खुर्ची सावलीत ओढत बसलो.

घरी येऊन सुनंदाचा डबा घेतला आणि वावराच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, गेलो. नेहमीप्रमाणे बाभळीच्या फांदीला टांगला, हाक मारली. रोज ती हात वर करते आणि मी परत फिरतो. आज हात केला नाही. वखर उभा ठेवून सरळ धुऱ्यावर आली. घाम पुसला आणि म्हणाली, "तीन वर्षं झाले. बाया इचारतात, तुमचा मानूस मिल्ट्रीतून आला का नाई? काय सांगू त्यायले? पाडव्यापर्यंत वावरात पाय टाका. नाई तं पंजाबरावले बटाईनं देऊन टाकू. मले एकटीले नाई होत आता."

पंजाबराव म्हणजे शेजारचा. माणूस चांगला आहे. पण आमच्या वावरात दुसऱ्याचा वखर? आबांनी, माझ्या वडिलांनी, या पाच एकरांत आयुष्य घातलं.

म्हटलं, पाहू.

"पाहून तं तुमी रोजच राह्यले," म्हणाली.

१२ फेब्रुवारी
लिहून काढतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही. वावरात बैल फिरतात, वखर फिरतो, कापूस वेचायला बाया येतात. तिथे सुरुंग नाही. मला माहीत आहे. पायाला माहीत नाही. डांबर चालतं, सिमेंट चालतं, गाडीच्या चाकोरीत चालतो. मोकळ्या मातीत पाय टाकायला गेलो की गुडघ्यापर्यंत थंड पडतं. सतरा वर्षं सफरमैना पलटणीत काढली. शेवटचं दीड वर्ष सरहदीवर लोकांच्या शेतांत सुरुंग पेरणं, मग तेच मोजून वर काढणं. आबा तूर पेरायचे, मी हे.

जिनिंगमध्ये सगळीकडे सिमेंट. म्हणून ती नोकरी.

१४ फेब्रुवारी
अकोटहून रशीद आला, यष्टीनं. शेख रशीद, आमच्याच टोळीतला नाईक, घरचा गाद्या-रजयांचा धंदा. डावा पाय गुडघ्याखाली रबरी. पाय कसा गेला ते इथे लिहीत नाही.

पुण्याच्या मिल्ट्री इस्पितळात एका मेजर डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, पाय बसवून काम संपत नाही, चाल. तर हा पठ्ठ्या अकोट ते अकोला चालला. मग अकोला ते शेगाव. म्हणतो झोप लागायला लागली. आता त्याला गुरुकुंज मोझरीपर्यंत जायचंय आणि मला घेऊन जायचंय. डांबरानं नाही, पांदणीनं, शेताशेतातून.

मी म्हटलं वेड लागलंय तुला.

"मले एक पाय हाये तं मी चाल्लो. तुमाले दोन हायेत, साब, अन् तुमी सिमेंटवर बसून राह्यले."

सु. चहा घेऊन उभी होती. तिनं काही न विचारता त्याच्या कपात साखर जास्त घातली. म्हणजे ठरलं.

१७ फेब्रुवारी
रजा सोळा दिवस. मॅनेजर म्हणाले, नवस आहे का? हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

पिठ्ठू भरला. चादर, दोन बाटल्या पाणी, शेंगदाण्याची चटणी, मोजे तीन जोड. सु.नं ज्वारीच्या वाळल्या भाकरी बांधल्या. जायला नाही म्हणाली नाही, जा असंही नाही. फक्त, "पाडवा मार्चच्या एकवीसले हाये." पाडवा कधी आहे हे काय मला ठाऊक नाही?

१८ फेब्रुवारी, अडगाव
निघालो सहा दहाला. पहिला दीड तास डांबर, मी पुढे, एकदम जोशात. मग रशीद (यापुढे र.) पांदणीला वळला. दोन्ही बाजूंनी बोराटी, मध्ये घोटाभर फुफाटा. मी थांबलो. तो थांबला नाही. वीस पावलं गेल्यावर मागे न बघता म्हणाला, "माझ्या पायात पाय टाका. माझा एक तं गेलाच हाये, दुसरा गेला तं जोडी होते."

टाकले. उजवं पाऊल खोल, टाच स्पष्ट. डावं सपाट, फरशी ठेवल्यासारखं. दिवसभर एवढंच बघत आलो. वाटेत काय काय होतं विचारलं तर सांगता येणार नाही.

मुक्काम शाळेच्या ओसरीवर. पाय: डाव्या टाचेला एक फोड. र.च्या खुंटाला लाली. त्यानं स्पिरिट लावलं, दात खाऊन.

२० फेब्रुवारी, अकोट
र.च्या घरी. दुकानात पिंजलेला कापूस छतापर्यंत, सगळे शिंकत होते. त्याच्या अम्मीनं मटण केलं, मी दोनदा घेतलं. अम्मी म्हणाली, "हवालदारसाब, इसको सम्हालना." ताटात बघत हो म्हटलं. तिला ठाऊक नसावं.

२१ फेब्रुवारी
आज फजिती.

अकोट सोडून तासाभरानं एका हरभऱ्याच्या वावराला चारी बाजूंनी काठ्या आणि काठ्यांना पांढऱ्या चिंध्या, सुरुंगाच्या शेताला आम्ही बांधायचो तशा. मी ओरडलो, "थांब." नुसता नाही, सरहदीवर ओरडायचो तसा. र.सुद्धा जागेवर खिळला, एक पाय वर. दोघेही तसेच, कितीतरी वेळ. मग त्यानं पाय हळूच मागे ठेवला आणि हसू लागला. "साब. डुकरं. डुकरं अन् रोही येऊ नाई म्हनून लुगडं फाडून बांधलं हाये."

मला माहीत नाही का? आमच्याकडे सु. दर वर्षी बांधते. तिचीच जुनी लुगडी. मीच माळ्यावरून काढून देतो.

हसलो मीही. तोही थांबलाच होता की. हे त्याला बोलून दाखवलं नाही.

२२ फेब्रुवारी, अंजनगाव
पाय: फोड फुटला. ऊन वाढलं. जेवण बरं. बाकी काही नाही.

२३ फेब्रुवारी, पथ्रोटच्या अलीकडे, एका गावात
गावाचं नाव लिहीत नाही. चांगली माणसं आहेत.

र.च्या पायाचा पट्टा तुटला. तो चांभाराकडे बसला, मी म्हटलं हळूहळू पुढे होतो. गावाबाहेर पांदण संपली आणि समोर नांगरलेलं रान. पायवाट नांगराखाली गेलेली. पलीकडे पुन्हा पांदण दिसत होती, दोनशे पावलांवर. मी धुऱ्यावर बसलो, र.ची वाट बघत. अर्धा तास, तास. मध्येच उठायचो, एक पाय पुढे करायचो, मागे घ्यायचो, बसायचो.

गवत कापणारी एक म्हातारी लांबून हे सगळं बघत होती. ती गेली आणि तीन माणसं आली. रामराम केला, माझ्या दोन्ही बाजूंना बसली. तंबाखू दिली. पाऊसपाण्याच्या गोष्टी. एकानं गप्पा मारता मारता माझा पिठ्ठू स्वतःकडे ओढला. मला वाटलं ओझं म्हणून. त्यानं उघडला, आत र.ची स्पिरिटची बाटली. लेबल निघालेलं. वास घेतला आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भाऊ, घरी कोन कोन हाये?"

तेव्हा कळलं, ते त्याला फवारणीचं औषध समजत होते. सांगत होतो की अरे बाबांनो, ते स्पिरिट आहे, मित्राच्या पायाला लावायचं. "कोन मित्र? कुठं हाये?" चांभाराकडे. "पायाले काय झालं?" पाय नाहीये. यावर त्यांनी मला दंडाला धरूनच गावात नेलं.

सरपंचाच्या घरी फोन. पंजाबरावचा नंबर दिला, त्यानं सु.ला बोलावून आणलं. सरपंच मोठ्यानं बोलत होते, "बाई, घाबरू नका, तुमचा मानूस आमच्यापाशी हाये, धुऱ्यावर बसला व्हता." पलीकडचं सगळ्यांना ऐकू आलं. "बसू द्या. धुऱ्यावर बसाची त्यायची सवयच हाये. त्यायले कायी होत नाई. चहा द्या, साखर कमी."

मग फोन माझ्या हातात. "जेवले का?" हो म्हटलं. "पाय?" फोड फुटला म्हटलं. "हं," म्हणाली आणि ठेवला.

र. पट्टा शिवून आला तोवर मी अर्ध्या गावाच्या मध्ये पिठलं-भाकर खात होतो.

२४ फेब्रुवारी, सकाळी
लोक निघू देईनात, म्हणून रात्री तिथेच. निघताना कालची म्हातारी आली. ओंजळभर शेंगदाणे पिठ्ठूत घातले. स्पिरिटची बाटली तिनंच ठेवली होती, तीही परत दिली, पदराला पुसून. म्हणाली, "माह्या लेकाले मी असंच पाह्यलं व्हतं धुऱ्यावर. म्हटलं बसला असन. भाकरी टाकाले घरी गेली."

मी तिच्या पाया पडलो. लाज वाटली, खूप. मी मरायला बसलो नव्हतो. पण घरून कुणी तरी रोज मला असंच बघत असेल, भाकरी टाकायला जावं की नको म्हणून, हे तीन वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

नांगरलेलं रान र.च्या मागून ओलांडलं. ढेकळांत पाऊल नीट उमटत नाही. तरी ओलांडलं.

२६ फेब्रुवारी, आसेगावच्या पुढे
र.ला सांगितलं आज. दुपारी, चिंचेखाली. तो पाय काढून बसला होता.

लिहायला हवं, तर लिहितो. आम्ही शेत साफ करायचो तेव्हा एक पद्धत होती. पुस्तकात नव्हती, पण सगळे पाळायचे. शेत मालकाच्या ताब्यात देण्याआधी टोळीचा मुख्य स्वतः त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचा. मालकाच्या डोळ्यांसमोर. मगच तो पाय टाकायचा. टोळीचा मुख्य मी.

त्या दिवशीच्या ओळीत एक सुरुंग कमी भरला. त्या कोपऱ्यात पावसाळ्यात एक गाय मेली होती, म्हणून तो तिनं फोडला असं धरलं आणि "साफ" लिहिलं. म्हातारा मालक दहा महिने बाहेर उभा होता. घाई करत होता. मी कागद भरत होतो. म्हटलं, रशीद, तू चालून दाखव. मी एवढं भरून येतो.

एवढंच. पाच-सात वाक्यं. तीन वर्षं घशात होती.

र. मोजा उलटा करून झटकत होता. म्हणाला, "मले वाटलं तुमी कायी नवीन सांगून राह्यले. हे तं मले तवाच माहीत व्हतं. मीच गेलो व्हतो ना."

राग आला नाही?

"आला नं. दोन वर्षं व्हता. अजून बी येते कवा कवा, थंडीत." मोजा घातला. "गाय मी बी पाह्यली व्हती, साब. मी असतो तं मी बी साफच लिहिलं असतं. पन चालाले मी गेलो असतो, तुमाले धाडलं नसतं. ते माफ नाई करत. बाकी सगळं केलं."

मग मला कशाला आणलंस?

"एकट्यानं चालाले बोर होते."

संध्याकाळी म्हातारीचे शेंगदाणे अर्धे त्यानं माझ्या हातावर ठेवले.

२७ फेब्रुवारी, वलगाव
पहाटे निघताना पांदणीच्या तोंडाशी र. बाजूला उभा राहिला. "आज तुमी पुढं."

दहा मिनिटं तरी उभा होतो. त्यानं घाई केली नाही, बिडी पेटवली. मग गेलो. समोर कुणाचं पाऊल नाही, नुसता सपाट फुफाटा, त्यावर एका पक्ष्याचे ठसे. मोजून एकशे चाळीस पावलं. एकशे एकेचाळिसाव्याला पाय उचललाच नाही. र. काही न बोलता पुढे गेला आणि मी त्याच्या मागे. पण पहिली एकशे चाळीस माझी होती. मागे वळून पाहिली, माझ्या ठशांवर त्याचे ठसे होते.

१ मार्च, अमरावती
शहर. सगळं डांबर, सगळं सोपं, आणि काय सांगू, कंटाळा आला. र.च्या ओळखीचा एक रिटायर नाईक बडनेऱ्याहून भेटायला आला, रेल्वेत गँगमन आहे. तीन तास बसला. जाताना त्यानंच र.ला विचारलं, पुढच्या वर्षी कधी?

४ मार्च, गुरुकुंज मोझरी
पोचलो. चार वाजता. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसलो, र.सुद्धा. पाय दुमडता येत नाही म्हणून सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून.

मला वाटलं होतं पोचल्यावर काही तरी होईल. काही झालं नाही. भूक लागली. चांगली लागली. रात्री झोप.

शेवटच्या तीन दिवसांत मी पुढे किती चाललो ते र.नं आपल्या चालायच्या काठीवर चिरा पाडून ठेवलंय. दाखवलं नाही. म्हणतो साबाले गर्व होईल.

५ मार्च
यष्टीनं परत. पंधरा दिवसांची वाट एका दिवसात उलटी गेली. म्हातारीच्या गावाचा फाटा आला तेव्हा खिडकीतून पाहिलं. वावर तिथेच होतं.

८ मार्च, हिवरखेड
जिनिंग. सिमेंट. डबा घेऊन धुऱ्यापर्यंत गेलो, बाभळीला टांगला.

सु.नं हात वर केला. मी परत फिरलो. साला.

९ मार्च
तेच. पांदण वेगळी आणि हे वावर वेगळं. इथे माझ्यापुढे र. नाही. इथे आबांनी मला बोट धरून नांगराच्या तासात चालायला शिकवलं. ते शेत बिघडलं तर मग राहिलं काय?

हे र.ला सांगितलं फोनवर. तो म्हणाला, बिघडलं कोणाचं, वावराचं का तुमचं?

१२ मार्च
काल अवकाळी. गारा नाहीत, नुसता शिडकावा, माती दबेल एवढा. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून वखरलेलं वावर तव्यासारखं सपाट झालं होतं. आज डबा घेऊन गेलो तर सु. विहिरीवर होती. मी धुऱ्यावर उभा.

वावरभर पावलं. सकाळपासूनचीच असतील. अनवाणी, उजवा अंगठा थोडा बाहेर. विहिरीकडे गेलेली, तिकडून गोठ्याकडे, कोपऱ्यातल्या काटक्या वेचायला, परत. पलीकडच्या धुऱ्यापर्यंत. तिची सोडून दुसऱ्या कुणाचीच नाहीत. ही एका सकाळची. तीन वर्षांची किती झाली असतील?

आणि मग डोक्यात आलं. तीन वर्षं ही रोज पुढे चालून दाखवते आहे. एकेक हात मातीवरून. मी धुऱ्यावर उभा राहून बघतो आहे. पुन्हा मी दुसऱ्यालाच धाडलं. रशीदला एकदा धाडलं, हिला रोज.

रडलो. बाभळीकडे तोंड करून. तिनं लांबून पाहिलं असावं, आली नाही. बरं केलं.

१३ मार्च
संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. गाय, कागद, रशीद. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, "रशीदभाऊले मी साखर जास्त घातली व्हती त्या दिवशी." मग खडे बाजूला टाकत, "मले का नाई सांगतलं?"

मी तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.

१४ मार्च
सुट्टी. सात वाजता दोघे वावरावर. ती सवयीनं पुढे झाली, एक पाय धुऱ्याखाली टाकलाही. मी म्हटलं, थांब. तू इथे बस. मालक बाहेर असतो, दाखवणारा आधी जातो.

"मालक कोन?"

तू.

बसली. पदर डोक्यावर ओढून, बाभळीच्या सावलीत, खरीच मालकिणीसारखी.

उतरलो. पहिलं पाऊल टाकायला किती वेळ लागला लिहीत नाही. मुद्दाम तिची पावलं टाळली, दोन ठशांमधल्या कोऱ्या मातीत टाकलं. माती गार होती, टाच बुडाली. थंडी गुडघ्यापर्यंत आली, तिथेच राहिली. दुसरं. मोजत गेलो. विहीर नव्वद पावलांवर आहे, मी एकतीसला थांबलो. पाय पुढे येईनात. तिथे उभा राहून मागे पाहिलं. ती हात वर करून नव्हती, दोन्ही हात मांडीवर होते.

परत आलो. धुऱ्यावर चढलो, अंग भिजलेलं. तिनं पाणी दिलं. माझ्या पायांकडे नाही, वावराकडे बघत होती, बराच वेळ.

म्हटलं, एकतीस. पंजाबरावला काय सांगायचं?

"पाडव्याले सात दिवस हायेत," म्हणाली. मग बोटानं दाखवलं. "जातानीचेच ठसे हायेत. येतानी तुमी तुमच्याच पायात पाय टाकून आले. उद्या येतानी दुसरीकडून या."

उद्या ड्यूटी दोनपर्यंत. डबा घेऊन जाईन. बाभळीला टांगणार नाही, हातात ठेवीन.